आबांच्या बोलण्यासाठी घेतलेला छोटा रेकॉर्डर, सव्वादोन वर्षं वापरून झाल्यावर

हा रेकॉर्डर घेतला तेव्हा आबा ८९ वर्षांचे होते. मागच्या वर्षी ते गेले, ९१ पूर्ण करून, आणि आता माझ्याकडे त्यांच्या आवाजाच्या ६३ फायली आहेत, सगळ्या मिळून साधारण ४१ तास. रिव्ह्यू लिहायला उशीरच झालाय, पण गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं की आजोबांचं बोलणं तू कशावर रेकॉर्ड केलंस, फोनवर केलं तर चालतं का, काय काय लागतं, तर म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढते.

वस्तू अशी आहे. हातात धरायचा, खिशात मावणारा रेकॉर्डर, वरच्या टोकाला दोन माइक एकमेकांकडे तिरके बसवलेले, एक मोठं लाल बटण, दोन ट्रिपल ए सेल, एक मायक्रो एसडी कार्ड, हेडफोनची जागा. या प्रकारचे रेकॉर्डर तीन-चार कंपन्या काढतात आणि आतली रचना बरीचशी सारखीच असते, म्हणून एका मॉडेलवर न अडकता या प्रकारच्या वस्तूबद्दलच लिहितेय.

आबांनी तो पहिल्यांदा हातात घेतला, उलटा केला, कानाला लावला आणि विचारलं, "यात फिरणारं काहीच नाही?" म्हटलं नाही आबा, मोटर नाही, टेप नाही, सगळं त्या नखाएवढ्या कार्डावर जातं. त्यावर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग हा बिघडत चाललाय हे कळणार कसं?"

हा प्रश्न त्यांनाच सुचणार. आबा ३४ वर्षं गावाच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते. छोटं गाव, एक पंपहाऊस, तीन पाळ्या, आणि त्यातली रात्रपाळी बहुतेक वेळा आबांकडे कारण बाकीच्यांना ती नको असायची. मशीनचं काय दुखतंय ते आवाजावरून ओळखायचं हे त्यांचं सगळं काम. फाइल क्रमांक ४ मध्ये ते सांगतात की बेअरिंग जायला आलंय का हे बघायचं असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं आणि खराब व्हायला लागलं की मधूनच किरकिर येते. पंपात कुणी खडे टाकल्यासारखा आवाज आला तर खडे शोधत बसायचं नाही, सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, पाणी कमी पडतंय, आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत. हे मी कुठल्याही पुस्तकातून शिकले असते, पण आबा त्या फाइलमध्ये तिन्ही आवाज तोंडाने काढून दाखवतात. ते पुस्तकात कुठून मिळणार?

त्यांच्याबद्दल कधी कुठे काही छापून आलं नाही. गावाबाहेर फारसे गेले नाहीत, पद मिळालं नाही, भाषण केलं नाही, तीन मुलं वाढवली, ६४ वर्षं संसार केला. मी रेकॉर्डर समोर ठेवला तेव्हा म्हणाले, "अगं माझ्यात काय आहे रेकॉर्ड करण्यासारखं, एखाद्या मोठ्या माणसाचं कर." मला वाटतं बहुतेक घरांतले आजोबा हेच म्हणतात आणि बहुतेक घरं ते ऐकतात, म्हणून नंतर काहीच उरत नाही. ज्याच्याबद्दल कागदोपत्री काही नाही त्या माणसाचा आवाजच ठेवायला हवा, कारण त्याचं आयुष्य दुसरं कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

आणि ही काही आजची कल्पना नाही. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी १८७८ मध्ये एका लेखात त्याचे संभाव्य उपयोग मांडले, त्यात घरच्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवणं हाही एक होता. म्हणजे आवाज पकडणारं यंत्र आलं तेव्हापासून हा उपयोग सांगितलेला आहे. नंतर १९४८ मध्ये इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं, म्हणजे लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवायचं काम सुरू केलं, ते बरंचसं नामवंत लोकांचं होतं, आणि साध्या माणसांसाठी २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात स्टोरीकोअर नावाच्या उपक्रमाची छोटी खोली उघडली, तिथे ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसून ४० मिनिटं बोलतात आणि ते जपून ठेवलं जातं. ही ४० मिनिटं मी आबांवर वापरून बघितली आणि अगदी बरोबर निघाली. पहिली दहा मिनिटं अवघडलेपणात जातात, मग अर्धा तास मोकळं बोलणं होतं, त्यानंतर ते थकायचे आणि "हो, नाही, असेल" वर यायचे.

आता फोनचं. सुरुवात मी फोनवरच केली होती. दुसऱ्याच दिवशी आबा त्यांच्या वडिलांबद्दल सांगत होते आणि फोन वाजला. आबा लगेच थांबले, "घे आधी, कुणाचं काहीतरी काम असेल." मी घेतला नाही, कट केला, पण ते परत त्या जागी आले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. त्या दिवशी ठरवलं की जी वस्तू वाजत नाही, जिच्यावर कुणाचा मेसेज येत नाही, अशीच त्यांच्यासमोर ठेवायची. फोनचे माइक आता चांगले असतात, त्यात वाद नाही, दुसरं काही नसेल तर फोन विमान मोडवर टाकून आजच सुरू करा, रेकॉर्डर येईपर्यंत थांबू नका. फक्त फोनवरचं बोलणं म्हणजे कॉल रेकॉर्ड करून ठेवलाय म्हणून निश्चिंत राहू नका, कारण साध्या टेलिफोन कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आवाजाचा खालचा भरीवपणा आणि वरची धार दोन्ही कापली जाते. शब्द कळतात, माणूस पूर्ण येत नाही. माझ्याकडे आबांचे असे दोन जुने कॉल आहेत आणि रेकॉर्डरवरची फाइल लावल्यावर आजी म्हणाली, "हा त्यांचा आवाज. तो मघाचा कुणातरी दुसऱ्याचा वाटत होता."

सेटिंग्जबद्दल नीट लिहिते कारण इथे मी पहिल्या पाच फायली खराब केल्या. रेकॉर्डरवर ऑटो लेव्हल म्हणून एक सोय असते आणि ती चालूच येते. ती काय करते, की माणूस हळू बोलला तर आवाज वाढवते, मोठ्याने बोलला तर कमी करते. ऐकायला छान वाटतं पण म्हातारं माणूस बोलता बोलता थांबतं, आठवतं, आणि त्या थांबण्यात यंत्राला वाटतं की आवाज फारच कमी झाला म्हणून ते सगळं वाढवत जातं, पंख्याची घरघर फुगत फुगत येते, आणि मग आबांचा पहिला शब्द एकदम धाडकन कानावर आदळतो. आबांच्या शांततेच्या जागा त्या पाच फायलींमध्ये सगळ्या अशा घाण झाल्यात. तर ऑटो बंद करायचं, लेव्हल हाताने लावायची, नेहमीच्या बोलण्यात स्क्रीनवरचा लेव्हलचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल अशी, म्हणजे हसले किंवा चिडले तरी वर जागा राहते. लो-कट चालू ठेवायचा, त्याने पंख्याची आणि टेबलाच्या धक्क्यांची खालची घुमघुम बरीच कमी होते. रेकॉर्डर नुसत्या टेबलावर ठेवायचा नाही, खाली घडी घातलेलं टॉवेल, नाहीतर आबा बोटांनी टेबलावर ताल धरायचे तो प्रत्येक ठोका हातोडीसारखा येतो. तोंडापासून अंतर दीड-दोन वीत. आणि फॉरमॅट डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. यात तासाला साधारण एक जीबी जागा जाते, १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला जेमतेम ५८ एमबी लागते, पण एमपीथ्रीमध्ये जे कापलं जातं ते परत आणता येत नाही आणि कार्ड आणखी एक घेता येतं. मूळ डब्ल्यूएव्हीच ठेवा, वाटायला एमपीथ्री नंतर करता येते.

दोन माइक असल्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो आजीमुळे. मी रेकॉर्डर आबांसाठी लावायचे आणि आजी डाव्या बाजूला काहीतरी निवडत बसलेली असायची, आणि दर पाच मिनिटांनी तिचं, "अहो, ते आधीचं. थोरल्याच्या जन्माच्या आधीचं." मग आबा, "नाही गं." मग आजी वर्ष, महिना, त्या दिवशी कोण आलं होतं सगळं सांगायची आणि आबा, "हां, मग बरोबर." हेडफोन लावून ऐकलं की आबा मधोमध आणि आजी डाव्या कानाशी, अगदी ती बसायची तिथेच. सुरुवातीला मला वाटायचं आजीने मध्ये बोलू नये, एकदा मी तसं तिला म्हटलंही, आणि पुढच्या दोन फायलींमध्ये आजी बोलत नाही. त्या दोन फायली सगळ्यात कोरड्या आहेत. मी तिची माफी मागितली.

विचारायचं काय हे रेकॉर्डर शिकवत नाही, पण रिव्ह्यूमध्ये ते आलंच पाहिजे, नाहीतर वस्तू पडून राहते. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की आबा दोन वाक्यांत संपवायचे, जन्मलो, नोकरी केली, तुम्ही झालात. वस्तूबद्दल विचारलं की सुटायचे. पहिली सायकल कुठे ठेवायचात, पंपहाऊसची किल्ली कुठल्या खिशात असायची, रात्री झोप येऊ नये म्हणून काय करायचात. किल्लीच्या प्रश्नावर ३१ मिनिटं बोललेत. निवृत्तीनंतरच्या तीस वर्षांबद्दल फार थोडं बोलायचे आणि दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं संपतच नव्हतं. मला आधी वाटलं स्मरणशक्ती जातेय, मग वाचलं की हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त दाट येतात, मानसशास्त्रात हे चांगलं माहीत असलेलं आहे. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच लिहिलं होतं की म्हाताऱ्या माणसाने मागचं आठवत बसणं म्हणजे डोकं उतरणीला लागलं असं नाही, आयुष्याचा हिशोब लावून बघायची ती एक स्वाभाविक गरज आहे. हे वाचल्यावर मी त्यांना पुढे ओढायचं सोडून दिलं, जिथे जायचेत तिथे जाऊ दिलं.

अजून एक, माझा आवाज बारीक आहे आणि आबांना माझे प्रश्न कळायचे नाहीत, बाबांनी तेच विचारलं की कळायचं. वयाने ऐकू कमी होतं ते आधी वरच्या पट्टीचं, त्यामुळे स, श, फ अशी अक्षरं गळतात, आवाज येतो पण शब्द उलगडत नाही. ओरडून उपयोग नसतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश बोलायला लागले आणि फरक पडला. आबा स्वतःच एकदा म्हणाले, "आता मला पंपावर ठेवलंत तर बेअरिंगची पहिली शिट्टी मला ऐकूच येणार नाही, मी कामाचा नाही." हे ते कुरकुर म्हणून सांगत नव्हते, काटा वाचून आकडा सांगावा तसं सांगत होते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा रेकॉर्डर कधीच कुणाला देणार नाही. बाजूला एक सरकबटण असतं, होल्ड, ते सरकवलं की बाकीची बटणं चालत नाहीत, म्हणजे चुकून हात लागून रेकॉर्डिंग बंद पडत नाही. फाइल २३ च्या दिवशी ते सरकवलेलं होतं आणि मी विसरले. ४२ मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, झालं आबा, बंद करते, बटण दाबलं आणि पाणी आणायला आत गेले. ते चालूच राहिलं. मी परत आले, आत्या पण तेव्हा आलेली होती पण ती मागच्या खोलीत होती, आणि आबा आपले माझ्याशी बोलायला लागले, रेकॉर्डरसाठी नाही, असंच. म्हणाले, तुझ्या आत्याला अजून वाटतं मी त्या रात्री आलो नाही.

आत्या सहा-सात वर्षांची असताना तिला खूप ताप होता, रात्रभर आजी एकटीच होती, आणि आबा ड्युटीवर. घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आत्या ती फार बोलून दाखवत नाही पण तिच्या मनात ती आहे. आबा सांगतात की रात्री दोनच्या सुमाराला त्यांनी पंप मदतनिसाच्या भरवशावर सोडला, सायकलने घरी आले, दाराची कडी वाजवली तर दोघी जाग्या होतील म्हणून खिडकीशी उभे राहिले, आत दिवा बारीक होता, आजीचा हात आत्याच्या कपाळावर आणि दोघींना झोप लागलेली. आजीला झोप लागलीय म्हणजे ताप उतरलाय असं त्यांनी धरलं, थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले. आणि मग ते म्हणतात, "दोनचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं. लॉगबुकात अंदाजाने लिहिलं. ३४ वर्षांत तेवढी एकच नोंद खोटी आहे."

एवढं सगळं रेकॉर्ड झालंय हे मला रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी मी आबांना सरळ सांगितलं की बंद केलंय म्हटलं होतं पण चालू राहिलं, तुम्ही म्हणाल तर पुसते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "लॉगबुकाचं कुणाला सांगत बसू नकोस एवढ्यात. पण तिला ऐकव." आत्या ६० ची आहे. तिने हेडफोन लावून ते एकदा ऐकलं, मग परत ऐकलं, मग उठून आबांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, तिथे रेकॉर्डर नव्हता आणि नसायलाच हवा होता. लॉगबुकाचं आज लिहितेय ते आत्याला आणि बाबांना विचारून.

त्यानंतर मी "संपलं" म्हटल्यावर विचारायचे, आबा असाच चालू राहू दे का थोडा वेळ. ते हो म्हणायचे आणि बरंच काही त्या नंतरच्या दहा मिनिटांतच यायचं. काही रेकॉर्डरमध्ये प्री-रेकॉर्डची सोय असते, बटण दाबायच्या आधीचे दोन सेकंदही पकडले जातात, ती माझ्यात आहे आणि ती चालू ठेवावी, आबांची कितीतरी वाक्यं माझं बोट पोचायच्या आधीच सुरू झालेली असायची.

पुसण्याबद्दल पण लिहायला हवं. फाइल ३७ मी त्यांच्या सांगण्यावरून पुसली. त्यात त्यांच्या आणि त्यांच्या भावाच्या भांडणाचं होतं, बोलून झाल्यावर म्हणाले हे ठेवू नकोस, तो उत्तर द्यायला नाही. मी रेकॉर्डर त्यांच्या हातात दिला, स्क्रीनवर डिलीट करायचं का असं विचारतं तिथे त्यांनी स्वतः हो दाबलं. म्हणून क्रमांक ६४ पर्यंत आहेत आणि फायली ६३. तसं डिलीट केलं तरी कार्डावरून ते लगेच जात नाही, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत काढता येऊ शकतं, हे मला माहीत होतं. मी काढून बघितलं नाही.

तक्रारी आहेत, आणि एक मोठी आहे. सेल बदलताना जर जरा जास्त वेळ लागला तर घड्याळ मागे जातं, पहिल्यापासून सुरू होतं, आणि ते विचारत पण नाही, गुपचूप जुनीच तारीख घालत राहतं. माझं हे कधी झालं मला कळलंच नाही. सात-आठ महिन्यांनी कॉम्प्युटरवर फायली उतरवल्या तर जवळजवळ वीस फायलींवर एकाच जुन्या वर्षाच्या तारखा, ज्या वर्षी हा रेकॉर्डर माझ्याकडे नव्हताच, आणि दोनदा घड्याळ मागे गेल्यामुळे त्या एकमेकांत मिसळलेल्या. मी फार रडले त्या दिवशी. मग बसून लावल्या, ऐकून ऐकून. पावसाचा आवाज आहे म्हणजे पावसाळा. पंखा नाही म्हणजे थंडी. मधल्या काळात आबांना नवीन कवळी बसली होती, तिच्या आधीचा स वेगळा आणि नंतरचा वेगळा, सुरुवातीच्या दोन आठवड्यांत कवळीचा बारीक टक् असा आवाज येतो, तो ज्यात आहे त्या फायली एकत्र केल्या. खोकला कधी सुरू झाला ते बाबांना आठवत होतं. आजीने तर ऐकून सांगितलं, "हे मंगळवारचं, मागे पलीकडच्यांचं काम चाललंय." वीसपैकी सतरा पक्क्या लागल्या, तीन अजून अंदाजावर आहेत. हे तुमच्यावर येऊ नये म्हणून दर वेळी बटण दाबल्यावर पहिलं वाक्य तोंडाने बोला, आज अमुक तारीख, अमुक वार, समोर कोण कोण आहे. यंत्राच्या घड्याळापेक्षा हे भरवशाचं आहे. मी नंतर हे करायला लागले आणि आबांना ते फार आवडायचं, पंपहाऊसच्या नोंदीसारखं, शेवटी शेवटी तारीख तेच सांगायचे आणि वर "सर्व ठीक" असं म्हणायचे.

दुसरी तक्रार सेलच्या झाकणाची, त्याची खाच वर्षभरात तुटली, आता रबर लावून ठेवते. रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला, त्यांचा व्होल्टेज १.२ असतो आणि साध्या अल्कलाइनचा १.५, न बदलल्यास बॅटरीचा काटा भलतंच दाखवतो. स्क्रीनवरची अक्षरं फार बारीक आहेत. रेकॉर्डिंग चालू असताना बटण दाबलं की टक् असा आवाज फाइलमध्ये येतो, म्हणून मधे कशाला हात लावू नये.

फोटो समोर ठेवून बोलायचं असेल तर एक सांगते, ही चूक मी चार फायली केली. आबा फोटोवर बोट ठेवून म्हणतात, "हा बघ, आणि हा त्याच्या शेजारचा, तो फार हुशार." कोण हा? आता ऐकताना काही कळत नाही, आवाजाला बोट दिसत नाही. तेव्हा प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नंबर घाला, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि बोलताना आपण म्हणायचं, फोटो १४, मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, हे कोण आबा? फोटो मी फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने घेतले, चार बाय सहा इंचाच्या फोटोची २४०० बाय ३६०० पिक्सेलची फाइल होते, तेवढी पुरते. जे अल्बमच्या चिकट पानांवरून निघत नव्हते ते ओढले नाहीत, तसेच फोनवर गूगलच्या फोटोस्कॅन ॲपने घेतले, ते एकाच फोटोचे चार-पाच शॉट घेऊन वरची चमक काढून टाकतं.

ऐकून लिहून काढायला वेळ लागतो, हे मनात धरूनच चाला. एका तासाच्या बोलण्याला मला सहा तास लागतात. मराठी व्हॉइस टायपिंग गूगलवर २०१७ पासून आहे आणि मी ते असं वापरते की आबांचं वाक्य हेडफोनमध्ये ऐकायचं आणि स्वतः बोलून टाइप करायचं, कारण आबांचा आवाज सरळ दिला तर कवळीमुळे आणि त्यांच्या बोलीमुळे बरंच चुकतं. रेकॉर्डरमध्ये वेग कमी करून ऐकायची आणि एकच तुकडा परत परत लावायची सोय आहे, दोन्हीचा उपयोग होतो. आतापर्यंत अकरा तासांचं लिहून झालंय. कॉपी तीन ठिकाणी ठेवल्यात, एक माझ्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक आत्याच्या घरी.

कुणी घ्यावा? ज्याच्या घरात बोलणारं म्हातारं माणूस आहे आणि आठवड्यातून एक तास त्याच्यासमोर बसायची तयारी आहे त्याने घ्यावा, दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मी हा घ्याच असं सांगणार नाही. वापरलेला मिळाला तरी चालेल, फक्त माइकच्या जाळीत धूळ नाही ना आणि कार्डाची खाच घट्ट आहे ना ते बघून घ्या. झाकण सोडलं तर सव्वादोन वर्षांत माझा एकदाही बंद पडला नाही. आवाजाला पाच पैकी पाच. घड्याळाला एकही नाही.

आबांची शेवटची फाइल १७ मिनिटांची आहे. त्यात ते फार बोलत नाहीत, दम लागायचा तेव्हा. सुरुवातीला तारीख सांगतात, वार चुकवतात, आजी दुरुस्त करते. मधे एकदा विचारतात, लाल दिवा लागलाय का. मी हो म्हणते. "मग असू दे," म्हणतात. पुढे बराच वेळ आजी त्यांना पंपहाऊसच्या मागच्या झाडाचं काहीतरी आठवून सांगते आणि ते हूं हूं करतात.

आजी ८६ ची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने स्वतःहून विचारलं, ते तुझं यंत्र माझ्यासाठी पण चालेल का. तिला बटण कसं दाबायचं ते एकदाच दाखवावं लागलं, लक्ष होतं तिचं इतके दिवस. आता दुपारी एकटी बसून तीच लावते, घडी घातलेलं टॉवेल खाली घेऊन. काल तिची सातवी फाइल झाली. तारीख तोंडाने सांगितली, वार सांगितला, समोर कुणी नाही असं सांगितलं, आणि मग "अहो ऐका" म्हणून सुरू केलं.